टॅलीच्या बॅकअपसाठी दोन ड्राइव्हचा नॅस: काही महिन्यांच्या वापरानंतर

पाच-सहा पीसी, टॅली, एक प्रिंटर आणि सीसीटीव्ही एवढाच पसारा असलेल्या ऑफिसात दोन ड्राइव्हचा नॅस (नेटवर्कवरून सगळ्या पीसींना वापरता येणारं, फाइल्स साठवण्याचं मशीन) काही महिने रोज चालवल्यानंतरचा हा अनुभव. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. नावाजलेल्या कंपन्यांच्या या वर्गातल्या मशीनमध्ये सेटिंग्ज जवळपास सारख्याच असतात. मशीन चांगलं आहे. पण बसवणारा माणूस ते जसं जोडून जातो, तसंच ठेवलं तर त्याला बॅकअप म्हणता येत नाही.

नेहमीची जोडणी अशी असते: एक शेअर्ड फोल्डर, तो प्रत्येक पीसीवर झेड ड्राइव्ह म्हणून मॅप केलेला (म्हणजे पीसीच्याच ड्राइव्हसारखा दिसेल असा जोडलेला), सगळ्यांना एकच अ‍ॅडमिन लॉगिन आणि दुकानाच्या नावापुढे साल जोडून केलेला पासवर्ड. कोणी ईमेलमधलं खोटं बिल उघडलं आणि रॅन्समवेअर (फाइल्स लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्राम) चालू झालं, तर त्या पीसीला जिथे जिथे लिहिण्याची परवानगी आहे तिथल्या फाइल्स ते लॉक करतं. झेड ड्राइव्हही त्यात आलाच. ‘दोन ड्राइव्ह आहेत ना, मग काळजी कसली’ हा सर्वांत महाग पडणारा गैरसमज. रेड १ मध्ये, म्हणजे दोन्ही ड्राइव्हवर एकच डेटा ठेवण्याच्या पद्धतीत, एका ड्राइव्हवर जे होतं ते त्याच क्षणी दुसऱ्यावर होतं. लॉक झालेली फाइल दोन्हीकडे लॉक होते, टॅलीत चुकून उडवलेली कंपनी दोन्हीकडून उडते. रेड वाचवतो तो फक्त एक ड्राइव्ह मेल्यावर.

म्हणून मॅपिंग काढा. पीसीने नॅसवर लिहायचं नाही, नॅसने पीसीवरून डेटा ओढून घ्यायचा. त्यासाठीचं सॉफ्टवेअर बहुतेक मशीनबरोबर येतं. ज्या फोल्डरात बॅकअप उतरतो, त्याची परवानगी विंडोजच्या कुठल्याही युजरला देऊ नका. त्यावर स्नॅपशॉट (फोल्डरची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) लावा: कामाच्या वेळात दर तासाला, आणि रोजचा एक निदान महिनाभर राहील असा. टॅलीचा डेटा लहान असतो आणि स्नॅपशॉट फक्त बदललेला भाग साठवतो, त्यामुळे ४ टीबीच्या जोडीत जागेची चिंता नाही. स्नॅपशॉट ठरावीक दिवस पुसताच येऊ नये अशी सोय असेल तर ती चालू करा. अ‍ॅडमिन नावाचं मूळ खातं बंद करून नव्या नावाच्या खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा.

वेळेचा प्रश्न मात्र सगळ्यांना नडतो. शेड्यूल रात्री अकराचं आणि पीसी सातला बंद, मग बॅकअप होणार कसा? दुपारची जेवणाची सुट्टी चांगली. मात्र त्या वेळी सगळ्यांनी टॅलीतून पूर्ण बाहेर पडायला हवं. व्हाउचर सेव्ह होत असताना कॉपी झालेला डेटा उघडेलच याची खात्री नसते.

इंटरनेटच्या बाबतीत नियम साधा ठेवा: राउटरमध्ये नॅससाठी एकही पोर्ट (इंटरनेटवरून आत येण्याची वाट) उघडायचं नाही आणि यूपीएनपी (अशी पोर्ट आपोआप उघडणारी सोय) बंद ठेवायचं. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस थेट गाठले होते आणि प्रत्येकी ०.०३ बिटकॉइन मागितले होते. तिथे कोणी खोटं बिल उघडण्याचीही गरज पडली नाही. घरून टॅली बघायची असेल तर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित, खाजगी जोडणी) वापरा. रिमोट डेस्कटॉपचं (दुरून पीसी चालवण्याच्या सोयीचं) ३३८९ पोर्ट उघडं ठेवणं तर नॅसचं पोर्ट उघडण्याहून वाईट. सीसीटीव्हीचा डीव्हीआरही तपासा, तो बसवताना पोर्ट उघडून ठेवलेलं अनेकदा सापडतं.

वेग कमी वाटला तर मशीनला दोष देण्याआधी केबल पाहा. गिगाबिटला आठही तारा लागतात; प्लगमध्ये चारच तारा क्रिंप केलेल्या असतील किंवा राउटरचं केबल लावायचं पोर्ट १०० एमबीपीएसचं असेल, तर सेकंदाला ११-१२ एमबीच्या वर वेग जात नाही. सगळं नीट असेल तर तो ११० च्या आसपास मिळतो. ड्राइव्ह सीएमआर प्रकारचेच (डेटाचे पट्टे एकमेकांवर न चढवता लिहिणारे) घ्या. एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारे) ड्राइव्ह स्वस्त पडतात, पण एक बदलून रेड पुन्हा बांधताना फार रखडतात. यूपीएसची यूएसबी केबल नॅसला जोडायची राहून जाते. ती नसेल तर वीज बराच वेळ गेल्यावर नॅस स्वतःहून नीट बंद होत नाही. ईमेल सूचनाही पहिल्याच दिवशी लावा, नाहीतर ड्राइव्ह गेल्याचा बीप कुणीतरी आवाजाला कंटाळून बंद करतं आणि ऑफिस पुढे एकाच ड्राइव्हवर चालत राहतं.

महिन्यातून एकदा रिस्टोअर करून पाहाच. कंपनीचं फोल्डर दुसऱ्या जागी उतरवा, टॅलीला तो पाथ देऊन उघडा, ट्रायल बॅलन्स आणि शेवटचा व्हाउचर नंबर चालू डेटाशी जुळवा. टॅलीव्हॉल्टचा (टॅलीतला कंपनीचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या सोयीचा) पासवर्ड कागदावर लिहून तिजोरीत ठेवा. तो विसरला तर बॅकअप कितीही चांगला असला तरी डेटा उघडत नाही.

चोरी आणि आगीपुढे नॅसही हतबल आहे. त्यासाठी दोन यूएसबी डिस्क घ्या. आठवड्याला एक जोडायची, कॉपी झाली की काढून मालकाच्या घरी न्यायची, पुढच्या आठवड्यात दुसरी. एकच पीसी असलेल्या दुकानाला तर या दोन डिस्क पुरतात, नॅसवर खर्च करू नका.