क्लाउडवरचे हिशेब आणि विक्रेत्याच्या नावावरचे खाते

आमचे कार्यालय इचलकरंजीतील सूत व्यापारी आणि यंत्रमागधारकांचे हिशेब लिहिते व त्यांची जीएसटीची विवरणपत्रे भरते. सर्व्हर, बॅकअप आणि व्हायरस यांची कटकट कायमची मिटेल असे सांगून एका संगणक विक्रेत्याने आम्हाला क्लाउडवर चालणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर दिले, तीन वर्षांचे पैसे एकरकमी घेतले आणि खाते आमच्याच फर्मच्या नावावर उघडल्याची ग्वाही दिली. प्रत्यक्षात ते त्याच्या स्वतःच्या मुख्य खात्यात होते, सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मूळ कंपनीला तो महिन्याच्या महिन्याला पैसे भरत होता आणि कंपनीच्या लेखी आम्ही केवळ वापरकर्ते होतो.

त्याने पैसे भरणे थांबवले तेव्हा हे उघडकीस आले. दरमहा भरायच्या जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्राची, मुदत महिन्याच्या ११ तारखेला संपते. त्याच धावपळीत पडद्यावर खाते निलंबित झाल्याची आणि अ‍ॅडमिनशी संपर्क साधण्याची सूचना आली. डेटा उतरवून घेण्याचे एक्स्पोर्टचे बटण राखाडी पडून निकामी झाले होते आणि अ‍ॅडमिन म्हणून त्या विक्रेत्याचा ईमेल पत्ता दिसत होता. मूळ कंपनीने आमच्या पावत्या पाहिल्या, परंतु नोंदणीकृत खातेदाराच्या संमतीशिवाय माहिती देता येणार नाही असे कळवले. दुसऱ्याची माहिती कोणालाही न देण्याचा तो नियम योग्यच आहे. विक्रेत्याने मात्र नेमका त्याचाच फायदा घेतला आणि ‘डेटा स्थलांतर शुल्क’ या नावाखाली मोठी रक्कम मागितली. माझ्या मते ती सरळसरळ खंडणी होती आणि आम्ही ती दिली नाही.

मग हिशेब नव्याने उभे करावे लागले. जीएसटी पोर्टलवरून आधी भरलेली विवरणपत्रे मिळाली, जीएसटीआर-२बी या पोर्टलवर आपोआप तयार होणाऱ्या खरेदीच्या विवरणावरून बिले जुळवता आली आणि बँकेच्या उताऱ्यांवरून येणे-देणे बसवले. परंतु कांड्यांवर सूत भरणाऱ्या कांडीवाल्यांना व हमालांना दिलेली रोख मजुरी, किरकोळ व्हाउचर आणि सुताच्या साठ्याची नोंद यांपैकी काहीही पोर्टलवर नसते. त्यासाठी ग्राहकांकडून कागदांचे गठ्ठे मागवावे लागले आणि ज्यांनी विश्वासाने आमच्याकडे दप्तर सोपवले होते, त्यांनाच विलंब शुल्काची झळ बसली, याचे दुःख सर्वांत मोठे आहे. कायद्याने जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात आणि ही जबाबदारी करदात्याचीच असते. सॉफ्टवेअर विकणाऱ्यावर ती ढकलता येत नाही.

खाते स्वतःच्या नावावर असले तरी धोका पूर्णपणे टळत नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जीच्या सेवा थांबवल्या होत्या. ती फसवणूक नव्हती, तरीही गुजरातमध्ये वाडीनारला मोठा तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली आणि त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. छोट्या कार्यालयाला अशा वेळी वकील उभा करणेही परवडत नाही.

म्हणून पैसे देण्यापूर्वी सॉफ्टवेअरमधील बिलिंगचे पान विक्रेत्याला आपल्यासमोर उघडायला लावावे. तेथे खातेदार म्हणून आपल्या फर्मचे नाव, आपला ईमेल आणि आपला मोबाइल क्रमांक असला पाहिजे, तसेच बिल मूळ कंपनीचे असले पाहिजे. सगळा डेटा दर आठवड्याला आपल्या हार्ड डिस्कवर उतरवावा आणि तो दुसऱ्या संगणकावर, इंटरनेट बंद ठेवून, उघडून पाहावा. केवळ पीडीएफ मिळत असतील तर त्याला बॅकअप समजू नये, कारण त्यातून खतावणी पुन्हा चालू करता येत नाही.

आम्ही वकिलामार्फत नोटीस पाठवून पोलिसांकडे तक्रार दिली आहे. विक्रेता खाते आमच्या नावावर असल्याचे तोंडी सांगत होता आणि पावतीवर फक्त ‘सॉफ्टवेअर सेवा’ एवढेच लिहिले होते. त्यामुळे त्याचे व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश हाच सध्या आमचा मुख्य पुरावा आहे. ज्यांनी त्याच पद्धतीने एकरकमी पैसे भरले आहेत, त्यांनी खाते चालू आहे तोवर, आजच, आपला डेटा उतरवून घ्यावा.