दूध संस्थेच्या बिलांसाठी टॉमकॅट ९ आणि छोटा व्हीपीएस

आमच्या दूध संस्थेचं संकलन आणि बिलं मी लिहिलेल्या जावा प्रोग्रॅमवर चालतात. सर्व्हलेट आणि जेएसपी (जावातून वेबपानं तयार करायच्या पद्धती), खाली मायएसक्यूएल डेटाबेस. हे सगळं चालवणारा सर्व्हर प्रोग्रॅम म्हणजे टॉमकॅट. एरवी सर्व्हरवर ताण नसतोच. पण १, ११ आणि २१ तारखेला सकाळी ४०० उत्पादकांची दहा दिवसांची बिलं एकदम काढायची असतात.

पहिलं होस्टिंग 'अमर्याद जागा, जावा चालेल' एवढं वाचून घेतलं. चालायचं, पण एकच टॉमकॅट अनेक गिऱ्हाइकांत. दुसऱ्या कुणाचा प्रोग्रॅम अडकला की आमचाही बंद. लॉग बघायला मिळायचा नाही, रीस्टार्टसाठी तिकीट टाकून वाट बघायची. एका ११ तारखेला बिलं थेट दुपारी निघाली. म्हातारी माणसं सकाळपासून संस्थेच्या पायरीवर बसून होती. मला ते बघवलं नाही. त्याच आठवड्यात ते होस्टिंग सोडलं.

आता २ जीबी रॅमचा व्हीपीएस, म्हणजे फक्त आपल्या ताब्यातला आभासी सर्व्हर आहे. टॉमकॅट ८०८० पोर्टवर, पुढे बाहेरून येणाऱ्या विनंत्या घेऊन त्याच्याकडे देणारा एनजिनएक्स. एचटीटीपीएससाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं ९० दिवसांचं मोफत प्रमाणपत्र सर्टबॉट हा प्रोग्रॅम आपोआप बदलतो. टॉमकॅटऐवजी वाइल्डफ्लाय हा मोठा जावा सर्व्हर घे, असं एकाने सुचवलं होतं. पण त्यातली ईजेबीसारखी मोठ्या प्रोग्रॅमसाठीची सोय मी वापरतच नाही, तर तेवढा पसारा कशाला?

खरी मेहनत मेमरीवर घ्यावी लागली. आपण काही सांगितलं नाही तर जेव्हीएम (जावा प्रोग्रॅम चालवणारं यंत्र) साधारण पाव रॅमच हीपसाठी, म्हणजे प्रोग्रॅमच्या डेटाच्या मेमरीसाठी घेतो, म्हणजे ५१२ एमबी. पीडीएफ बिलं काढताना ती संपली. एक्सएमएक्स, म्हणजे हीपची कमाल मर्यादा १ जीबी केल्यापासून बिलं सुरळीत निघतात. त्याहून वाढवू नका. मायएसक्यूएल त्याच मशीनवर असेल आणि रॅम संपली, तर लिनक्स यांच्यापैकीच एखादी प्रोसेस मारून टाकतो.

जुना प्रोग्रॅम टॉमकॅट १० वर तसाच टाकू नका. तिथे सर्व्हलेटच्या कोडमधली 'जावाएक्स' नावाची पॅकेजेस 'जकार्ता' झाली आहेत, त्यामुळे तो चालणार नाही.

टॉमकॅटची एक खोड सांगायलाच हवी. वॉर फाइल (अख्खा प्रोग्रॅम बांधलेली एक फाइल) टॉमकॅटच्या वेबॅप्स फोल्डरमध्ये टाकली की नवी आवृत्ती लगेच सुरू होते, पण प्रोग्रॅमने जुने थ्रेड (आत समांतर चालणारी कामं) नीट बंद केले नसतील तर जुनी आवृत्ती मेमरीत अडकून राहते. माझ्या प्रोग्रॅममध्ये हे घडतं, कारण अजून सापडलेलं नाही. तोवर १० तारखेला संध्याकाळचं संकलन आटोपलं की मी टॉमकॅट रीस्टार्ट करते आणि एक बिल काढून बघते.