तपासणारा बाहेरचा बरा की बांधाशेजारचा?

'सेंद्रिय करायचं ठरलंय, आता कागद कुठला काढू?' बेळगाव-खानापूरकडचे भातवाले आणि गुऱ्हाळवाले हल्ली हेच विचारतात. कागद म्हणजे माल सेंद्रिय असल्याचं प्रमाणपत्र, आणि ते दोन तऱ्हांनी मिळतं: एनपीओपी, म्हणजे बाहेरची संस्था तपासते ती राष्ट्रीय पद्धत, आणि पीजीएस, म्हणजे शेतकरी गट करून एकमेकांना तपासतात ती. मी दोन्ही वापरलेत. चार वर्षं एनपीओपीच्या गटात काढली, आता पीजीएसमध्ये आहे. त्यामुळे खाली जे आहे ते माझ्या येळ्ळूरकडच्या दीड-दोन एकरांपुरतं धरा.

एक गोष्ट आधीच मिटवून टाकू. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांत दोन्ही पद्धती चालतात आणि 'जैविक भारत'चं चिन्ह दोन्हींवर लावता येतं. बारा लाखांच्या आतली उलाढाल असलेला लहान शेतकरी स्वतः थेट गिऱ्हाइकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्तीच नाही, फक्त मग ते चिन्ह लावायचं नाही. माल परदेशी जाणार असेल तर मात्र पर्याय उरत नाही, तिथे एनपीओपीच लागते. तुमचा गूळ युरोपात जात असेल तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका.

एनपीओपीचा तपासनीस बाहेरचा असतो, आणि तेच त्याचं बळ. आमचा गट भात विकत घेणाऱ्या एका कंपनीनं बांधलेला. त्या कंपनीचा माणूस सगळ्यांच्या शेतावर फिरायचा, प्रमाणन संस्थेचा मात्र निवडक शेतांवर. चार वर्षांत तो माझ्या बांधावर एकदाच आला, पण आला तो कामाचा माणूस होता. भात बघण्याआधी त्यानं फवारणीचा पंप मागितला आणि झाकण काढून वास घेतला. वरच्या खाचरातलं पाणी माझ्यात उतरतं, ते शेजारी काय टाकतात हेही विचारलं. कागदांची कटकट वेगळी. उतारा कन्नडमध्ये, अर्ज इंग्रजीत, वही मराठीत. एकाच आडनावाची तीन स्पेलिंगं जुळवता जुळवता आमची दुपार गेली.

पीजीएसमध्ये किमान पाच शेतकऱ्यांचा गट असतो आणि तपासणी एकमेकांची. आम्ही सहा जण आहोत. दर हंगामाला तिघं जाऊन बघतात, अहवाल प्रादेशिक परिषदेकडे, म्हणजे गटाला मान्यता देणाऱ्या वरच्या संस्थेकडे जातो. ऐकायला हे घरगुती वाटतं, मलाही वाटलं होतं. पण बाहेरच्याला दिसत नाही ते शेजाऱ्याला दिसतं. कुणाच्या गोठ्यात युरियाचं पोतं आलं हे दूध घालायला गेलेल्या पोराला दुसऱ्या दिवशी कळतं. अडचण कळण्यात नाही, बोलण्यात आहे. आमच्यात चुलतभावाचंच पोतं निघालं. दोन बैठका सगळे चहा पिऊन उठले, कुणी विषयच काढला नाही. तिसऱ्या बैठकीत मीच म्हटलं, 'दादा, या हंगामाला तुझं नाव नको.' तो म्हणाला, 'व्हय, तू आता साहेब झालास.' वर्षभर त्यांच्याकडून गणपतीच्या आरतीचं बोलावणं आलं नाही. ही किंमत कुठल्याही फीच्या तक्त्यात लिहिलेली नसते.

आणखी एक खुट्टी आहे. पीजीएसमध्ये सगळं रान सेंद्रिय करावं लागतं. भात सेंद्रिय आणि कारखान्याचा ऊस युरियावर, असं चालत नाही. एनपीओपीत हद्दी आणि नोंदी वेगळ्या ठेवून ते निभावतं. आमच्याकडे ऊस म्हणजे घरखर्च, त्यामुळे बरेच जण इथेच माघारी फिरतात. मी अर्धा एकर ऊस कारखान्याकडून काढून गुळाला वळवला. हायड्रोस (रंग उजळायची रासायनिक पूड) न घातलेला गूळ काळपट निघतो, आणि बाजारात लोक अजूनही पिवळ्या ढेपेकडेच हात नेतात. तो दोष कागदाचा नाही.

मग मी पीजीएसकडे का गेलो? तपासणीवरून नाही. एनपीओपीचं प्रमाणपत्र होतं कंपनीच्या नावावर. गरजेपुरता भात त्यांनी उचलला, माझ्याकडे पाच पोती बासमती उरली. टिळकवाडीतला एक दुकानदार चांगला भाव द्यायला तयार होता, फक्त म्हणाला, 'कागद दाखवा.' मी कंपनीत फोन केला. उत्तर आलं, 'तुमचं नाव यादीत आहे, प्रमाणपत्रावर नाही.' सेंद्रिय म्हणून विकायच्या प्रत्येक खेपेला व्यवहार प्रमाणपत्र (त्या खेपेपुरता वेगळा दाखला) लागतं आणि ते मागायचा हक्क प्रमाणपत्र ज्याच्या नावावर त्यालाच. चार वर्षं मी तण हातानं काढलं, आणि ती पाच पोती साध्या भावानं गेली. गट सोडला तर सेंद्रिय केल्याची मागची वर्षं नव्या प्रमाणपत्रासाठी धरली जातील का, यावरही दोन माणसांनी दोन उत्तरं दिली. पीजीएसच्या कागदावर माझं नाव आहे. दुकानदाराला मी तोच दाखवतो.

न्याय म्हणून सांगतो, जानेवारी २०२५ मध्ये एनपीओपीची आठवी आवृत्ती आली आणि तिच्यात शेतकरी गटाला स्वतःचं कायदेशीर अस्तित्व दिलंय. माझ्यासारखी अडवणूक आता कमी होईल कदाचित. शिवाय कंपनीच्याच गटात जावं असंही नाही. कर्नाटक राज्य बीज व सेंद्रिय प्रमाणन संस्था सरकारी आहे, तीही एनपीओपीचंच काम करते. रान मोठं असेल, भाऊबंदकी नको असेल, तर तिकडे जाण्यात चूक आहे असं मी म्हणणार नाही.

पण माल बेळगाव, कोल्हापूर, गोव्यापर्यंतच जाणार असेल तर आधी एका कागदावर गटासाठी पाच-सहा नावं लिहा. ज्याला तोंडावर 'तुझ्या गोठ्यात पोतं दिसलं' असं म्हणता येणार नाही, त्याचं नाव खोडा. पाच उरली तर पीजीएस. नाही उरली तर बेंगळूरच्या त्या संस्थेला फोन लावा.