पियाझ्झा नाव्होनात खुर्चीवर टेकण्याआधी

रोमच्या पियाझ्झा नाव्होना चौकात शिल्पकार बर्निनीचं चार नद्यांचं कारंजं आहे, १६५१ मध्ये पूर्ण झालेलं. त्यात लांब वल्हं घेऊन बसलेला दाढीवाला पुरुष म्हणजे गंगा. आपली मंडळी ती शोधत कारंज्याला फेरी मारतात आणि पाय भरून आले की समोरच्याच रेस्टॉरंटच्या छत्रीखाली बसतात. लुबाडणूक होते ती तिथे, खिसा न कापता, बिलावर.

सगळ्यात मोठा फटका माशाचा. वेटर ताटात ताजा मासा आणून दाखवतो, आपण मान डोलावतो. मेनूत त्यापुढे ८ युरो असतात आणि शेजारी बारीक अक्षरात ‘एत्तो’. एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. मासा ९०० ग्रॅमचा निघाला की झाले ७२ युरो, आणि हे वजन डोकं, काटे धरून, कच्च्या माशाचं. काही ठिकाणी आकडाच नसतो, नुसतं ‘एस. क्यू.’ लिहितात, तेही वजनावरच. मासा तव्यावर जाण्याआधी समोर वजन करून घ्या आणि एकूण रक्कम कागदावर लिहून मागा. द्यायला कां-कूं करत असतील तर मासा नको म्हणा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसरी गोष्ट ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबलावर बसल्याचे माणशी पैसे. इटलीत इतरत्र हे चालतं, पण रोम ज्या लात्सिओ प्रदेशात येतं तिथे २००६ च्या कायद्याने त्याला मनाई आहे. म्हणून तीच रक्कम ‘पाने’, म्हणजे पाव, या नावाने येते. न मागता आलेली पावाची टोपली लगेच परत पाठवा. एक तुकडा मोडलात की वाद संपला. ‘सेर्वित्सिओ’, म्हणजे सेवाशुल्क, मात्र मेनूत छापलेलं असेल तर द्यावं लागतं. मग वर टिप ठेवू नका.

कॉफी उभ्याने घेतली तर स्वस्त, बसून घेतली तर कितीतरी महाग. दोन्ही दर लिहिलेले असतील तर ही फसवणूक नव्हे.

बसल्या बसल्या मेनूच्या पानांचा फोटो काढा. बाहेरच्या फलकावरचा दर आणि हातात दिलेल्या मेनूतला दर एकच आहे का, तेही तेव्हाच ताडून पाहा. शेवटी चिठोऱ्यावर पेनाने लिहिलेली नुसती बेरीज आली तर पैसे काढू नका; ‘स्कोंत्रीनो फिस्काले’ मागा, म्हणजे छापील कर-पावती. ती देत नसतील तर आर्थिक पोलिसांचा, ग्वार्दिया दी फिनान्झाचा, क्रमांक ११७ आहे. दमदाटी झाली तर आपत्कालीन क्रमांक ११२.

कार्ड मशीनने रुपये की युरो असं विचारलं तर युरोच दाबा. रुपये निवडले की विनिमयाचा दर मशीनवाल्यांचा लागतो, आणि तो बहुतेक वेळा महागात पडतो.