सरकारी वेबसाइटचं अ‍ॅक्सेसिबिलिटी स्टेटमेंट लिहायला डब्ल्यूथ्रीसीचा जनरेटर वापरला, त्याचा रिव्ह्यू

एका जिल्ह्याच्या सरकारी कार्यालयाच्या वेबसाइटचा मजकूर मी बघते. मध्यंतरी वरून पत्र आलं की वेबसाइटवर अ‍ॅक्सेसिबिलिटी स्टेटमेंट, म्हणजे दिव्यांगांना ही वेबसाइट कितपत वापरता येते हे सांगणारं पान, असलंच पाहिजे, आणि लगेच साहेबांचा फोन, "मॅडम, दोन दिवसात टाकून द्या, दुसऱ्या कुठल्या खात्याचं उचललंत तरी चालेल." उचलायला मी गेलेही. चार-पाच ठिकाणची पानं उघडली तर सगळीकडे तोच एक तक्ता, स्क्रीन रीडरची (स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची) नावं आणि पुढे मोफत की विकत. त्यात विंडो-आइज अजून आहे, जे २०१७ सालीच बंद पडलं. म्हणजे इतक्या वर्षांत ते पान कुणी वाचलेलंच नाही, नुसतं इकडून तिकडे चिकटवत गेलेत. आणि असल्या पानाचा अंध माणसाला काय उपयोग, तो स्क्रीन रीडर चालू करूनच तर तिथपर्यंत आलेला असतो, त्याला हवं असतं हे की या वेबसाइटवर माझं काम होणार का आणि अडलं तर फोन कुणाला करू.

मग डब्ल्यूथ्रीसी म्हणजे वेबची मानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था, तिच्या वेब अ‍ॅक्सेसिबिलिटी इनिशिएटिव्हचा स्टेटमेंट जनरेटर वापरला. फुकट आहे, लॉगिन वगैरे काही नाही. एक लांबलचक फॉर्म भरायचा, संस्थेचं नाव, कुठलं स्टँडर्ड, किती पाळलं, तपासलं कसं, कुठे अडतं, संपर्क कुणाचा, आणि शेवटी तयार पान एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानाच्या कोडमध्ये, मिळतं. सोबत एक छोटा आणि एक पूर्ण असे दोन नमुने दिलेत, ते आधी वाचून घ्या, अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

फॉर्ममध्ये चेकबॉक्सही येतात की तुमची संस्था अ‍ॅक्सेसिबिलिटीसाठी काय करते. खरेदीच्या अटीत घेतलंय का, कर्मचाऱ्यांना सतत ट्रेनिंग देता का, कुणाला जबाबदारी दिलीय का. सगळ्यावर टिक करायचा मोह होतो कारण पान भरगच्च दिसतं. मी साहेबांसमोर बसून एकेक वाचलं आणि विचारलं, सर हे आपण करतो का? सगळ्यांतला एकच टिक राहिला. पण ते बरं झालं, वेबसाइटच्या पुढच्या टेंडरमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीची अट घालायची हे त्याच खुर्चीत बसून ठरलं.

मग खरा प्रश्न, स्टँडर्ड पूर्णपणे पाळतो की अंशतः. साहेब म्हणाले पूर्ण लिहा, अंशतः लिहिलं तर उगाच विचारणा होईल. म्हणून मी माझ्या एका अंध मित्राला ऑफिसात बोलावलं, तो बँकेत नोकरीला आहे आणि दिवसभर एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर काम करतो. त्याला सांगितलं, एक योजनेचा अर्ज शोध आणि भर. माउसला हात नाही, सगळं कीबोर्डवर. टॅब दाबत गेला तर लागोपाठ "येथे क्लिक करा, लिंक, येथे क्लिक करा, लिंक" असं अकरा वेळा. कुठे क्लिक केलं की काय उघडणार काही पत्ता नाही. कसाबसा योजनेची पीडीएफ उघडली तर ती स्कॅन केलेली, म्हणजे नुसता फोटो, एनव्हीडीएला त्यात अक्षरच सापडेना. दुसरी पीडीएफ टाइप केलेली होती म्हणून मला हायसं वाटलं, पण ती जुन्या फॉन्टमधली, कृतिदेवच्या जातीची, स्क्रीनवर आपल्याला शुद्ध मराठी दिसतं पण आत इंग्रजी अक्षरं, कंस, सेमीकोलन असलं भरलेलं असतं आणि तो आवाज तेच वाचत सुटतो. मित्र शांतपणे म्हणाला, "अगं हे नेहमीचंय, मी घरी भावाला वाचायला सांगतो." शेवटी अर्जाच्या तळाशी चित्रातली अक्षरं ओळखून टाइप करायचा कॅप्चा, ऐकायची सोय नाही, तिथे तर भाऊसुद्धा शेजारीच बसलेला हवा. साहेब मागे उभे राहून सगळं बघत होते. त्यांनीच सांगितलं, अंशतः लिहा.

आणि इथेच हा जनरेटर मला सगळ्यात जास्त आवडला. मर्यादांचा जो भाग आहे त्यात प्रत्येक अडचणीसाठी वेगळे रकाने येतात, कुठला मजकूर, काय अडतं, का अडतं, तुम्ही काय करताय आणि तोपर्यंत वापरणाऱ्याने काय करायचं. हा शेवटचा रकाना सोन्यासारखा आहे. आम्ही लिहिलं ते असं: "जुनी परिपत्रकं स्कॅन केलेली असल्यामुळे स्क्रीन रीडरला वाचता येत नाहीत. नवीन परिपत्रकं आम्ही युनिकोडमध्ये टाकतो. जुनं परिपत्रक हवं असेल तर या नंबरवर फोन करा किंवा ईमेल करा, वाचता येईल अशी प्रत तीन कामाच्या दिवसांत पाठवू." तीन दिवस लिहिण्याआधी रेकॉर्डरूमच्या ताईंना विचारून घेतलं की खरंच जमेल ना, कारण टाइप करून त्याच देणार होत्या.

हा जनरेटर सगळ्या जगासाठी बनवलाय, त्यामुळे आपल्या कायद्याची ओळ त्यात आपोआप येत नाही, ती आपणच लिहायची. स्टँडर्डमध्ये डब्ल्यूसीएजी (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून डब्ल्यूथ्रीसीने केलेले निकष) २.१, लेव्हल डबल ए निवडा, २०२३ ची जीआयजीडब्ल्यू ३.० म्हणजे भारत सरकारच्या वेबसाइटची मार्गदर्शक तत्त्वं त्यावरच उभी आहेत, आणि डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये सिंगल ए ही पायाभूत आणि डबल ए ही त्यावरची पातळी धरून ५० निकष होतात. त्याखाली दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा उल्लेख करा, कलम ४२ माहिती तंत्रज्ञानाबद्दल आहे, आणि आयएस १७८०२ हे भारतीय मानक. हे सगळं नुसतं शोभेचं नाही, सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२५ मध्ये प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानलाय. साहेबांना ही एक ओळ दाखवली आणि पुढची चर्चा फार सोपी झाली.

संपर्काच्या जागी नुसता एखादा वेबमास्टरचा ईमेल टाकू नका प्लीज. कायद्याच्या कलम २३ प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो, त्या अधिकाऱ्याचं पद, फोन आणि ईमेल तिथे द्या. फॉर्ममध्ये औपचारिक तक्रारीचाही रकाना आहे, त्यात आम्ही राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते हे लिहिलं.

भाषेचं मात्र काम पडतं. तयार होणारं पान इंग्रजीत असतं, मराठी आपण करायचं, आणि नुसतं शब्दाला शब्द करून चालत नाही. माझा शीर्षकावरच एक दिवस गेला. "सुगम्यता निवेदन" लिहिलं तर ऑफिसातला शिपाईदादा म्हणाला, निवेदन तर लोक आपल्याला देतात ना मॅडम? बरोबरच होतं त्याचं, कलेक्टर ऑफिसबाहेर देतात ते निवेदन. मग "ही वेबसाइट सर्वांना वापरता यावी म्हणून" असं मोठं शीर्षक ठेवलं आणि खाली बारीक सुगम्यता शब्द. "अंशतः अनुरूप" च्या जागी "बराचसा भाग वापरता येतो, काही भागात अडचण येते, ती खाली लिहिली आहे" असं सरळ केलं. आणि मराठी पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवायला डेव्हलपरला आठवण करा, आमच्याकडे ती इंग्रजीच राहिलेली होती, त्यामुळे स्क्रीन रीडरचा आवाज भलत्याच उच्चारात जायचा.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो मराठी नाही म्हणून, कारण तालुक्याच्या ऑफिसात बसलेल्या ऑपरेटरला हा इंग्रजी फॉर्म एकट्याने भरणं अवघड आहे, शेजारी कुणीतरी पाहिजे. फॉर्म भरायला तासभर पुरतो, पण आधीच्या तपासणीला आमचे आठ दिवस गेले आणि ते जायलाच हवेत.

अजून एक, हे आमच्याकडे घडलं म्हणून सांगते. पान मंजूर झालं, साहेबांची सही-शिक्का झाला आणि ऑपरेटरने पद्धतीप्रमाणे तो सहीचा कागद स्कॅन करून पीडीएफ म्हणून वेबसाइटवर चढवला. मित्राने संध्याकाळी उघडलं तर रिकामं. त्याने पानावरचा फोन नंबर वाचता येत नाही म्हणून मलाच फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती काढून साधं एचटीएमएल पान टाकलं, सहीचा कागद फाइलमध्ये लावला, आणि फुटरमधल्या लिंकवर त्याने टॅब दाबत जाऊन शेवटपर्यंत ऐकलं तेव्हाच मी साहेबांना झालं म्हणून कळवलं.