केसांचे जिग बांधण्याचा संच: व्हाइस उत्तम, केस निरुपयोगी

कण्हेर धरणात मरळीसाठी गळ टाकताना रबरी शेपट्यांची आमिषे दोन-तीन झटक्यांतच फाटू लागली, तेव्हा केसांचे जिग, म्हणजे शिशाच्या डोक्याच्या गळावर केसांची बट बांधून केलेली आमिषे, घरीच बांधावेत असे ठरवून मी हा संच ऑनलाइन १,८०० रुपयांना मागवला. हिवाळ्यापासून त्यावर चाळीसेक जिग बांधून झाले आहेत.

टेबलाच्या कडेला आवळायचा व्हाइस, म्हणजे गळ घट्ट धरून ठेवणारा शिकंजा, ही यातील सर्वांत समाधानकारक वस्तू आहे. ३.५ आणि ७ ग्रॅम शिशाच्या डोक्याचे गळ त्यात पक्के बसतात आणि दोरा ताणला तरी हलत नाहीत. बॉबिन, म्हणजे दोरा नळीतून सोडत बांधण्याचे साधन, मात्र सदोष निघाला. त्याच्या नळीच्या तोंडाला धार होती, आणि शेवटच्या वेढ्यांत दोरा तुटला की सगळी बट सैल होऊन हातात येत असे. बारीक पॉलिश पेपरने तोंड घासल्यावर हा त्रास थांबला. तरीही सिरॅमिक नळीचा बॉबिन वेगळा घेणेच योग्य.

खरी निराशा केसांनी केली. संचातले कृत्रिम तंतू पाण्यात ताठ राहतात, आणि रीळ थांबवल्यावरही केस फुलत-मिटत राहावेत, यातच तर या आमिषाची सारी किमया आहे. अमेरिकेत त्यासाठी पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे केस वापरतात. आपल्याकडील हरणांच्या केसांचा व्यापार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे तो विचार मनातही आणू नये. माण तालुक्यातील एका मेंढपाळाने दिलेले बोकडाच्या दाढीचे केस मला सर्वांत चांगले वाटले, कारण ते लांब, सरळ आणि चिवट असतात. मेंढीची लोकर मात्र पाणी पिऊन गोळा होते.

बांधताना आधी गळाच्या दांड्यावर दोऱ्याचे दाट वेढे द्यावेत, म्हणजे केस घसरत नाहीत. बट पेन्सिलीतील शिशापेक्षा फार जाड नसावी. केस जास्त झाले की जिग फुगतो आणि हवा तसा बुडत नाही. पहिले दोन वेढे सैल ठेवून पुढचे आवळत न्यावेत आणि गाठीवर नेलपॉलिशचे दोन हात द्यावेत, कारण संचातील वार्निशची बाटली माझ्याकडे सुकलेलीच आली. शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुणे विसरू नये.

जानेवारीत पाणगवताच्या कडेला बोकडाच्या याच केसांच्या काळ्या जिगवर मरळ लागली, आणि तो जिग अजूनही वापरात आहे. विक्रेत्याने केसांऐवजी शिशाच्या डोक्याचे आणखी गळ दिले, तर हा संच मी निःसंकोच सुचवेन.