मारुती 800 च्या इंजिन कामासाठी घेतलेला ऑइल प्रायमिंग टँक: काही महिन्यांनंतर

टँक, म्हणजे इंजिन सुरू करण्याआधी त्यात दाबाने तेल भरायचं हातपंपाचं भांडं, चांगला आहे; त्याच्यासोबत आलेला इंजिनाला जोडायचा अ‍ॅडॉप्टर चुकीचा आहे. साडेतीन हजार मोजल्यावर पितळेच्या एका बोटभर तुकड्यासाठी विक्रेत्याशी भांडावं लागलं, याचा राग अजून गेलेला नाही.

गाडी 1997 ची. फुल इंजिन काम केलं होतं: बोअर, नवे पिस्टन-रिंग, क्रँक घासून पाव मिलीमीटर अंडरसाइज मेटल (क्रँकची बेअरिंग). एवढा खर्च केल्यावर कोरड्या इंजिनाला सेल्फ मारायला माझं मन धजत नव्हतं. गॅरेजमध्ये सर्रास प्लग काढून ऑइल लाइट जाईपर्यंत सेल्फ मारतात. प्लग काढले की मेटलवर भार कमी येतो हे बरोबर, पण पंपाने तेल उचलेपर्यंत जुळणी करताना लावलेलं ऑइल पुसलं जातं, आणि नव्या मेटलचं नुकसान त्या काही सेकंदांतच होतं. यूट्यूबवर अमेरिकन व्ही-एट इंजिनवाले डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलने ऑइल पंप फिरवतात. 800 ला ते जमत नाही. पंप थेट क्रँकच्या पुढच्या टोकावर, क्रँक फिरल्याशिवाय तो फिरणार नाही. मग ऑइल प्रेशर स्विच काढून त्याच्या भोकातून बाहेरून दाबाने तेल भरणं हाच खात्रीचा मार्ग उरतो.

आता तो अ‍ॅडॉप्टर. स्विचचे आटे एक अष्टमांश बीएसपी (ब्रिटिश पाइप माप) टेपर, म्हणजे इंचाला 28 आटे. सोबत आलेला तुकडा एनपीटी (अमेरिकन पाइप माप), इंचाला 27. आट्यांचा कोनही वेगळा, 55 अंश आणि 60 अंश. फरक इतका थोडा की हाताने दोन-अडीच फेरे छान बसतो आणि मग अडतो. पाना लावून रेटला तर ब्लॉकचे आटे जातात, सोडून दिला तर दाब दिल्याबरोबर तेल पाझरतं. विक्रेता म्हणाला, टेफलॉन टेप गुंडाळा, सगळ्या जपानी गाड्यांना बसतो. साफ चूक. टेपचा तुकडा सुटून ऑइल गॅलरीत (इंजिनातल्या तेलाच्या वाटेत) गेला तर जबाबदार कोण? मी बसवलाच नाही. एमआयडीसीतल्या न्यूमॅटिक फिटिंगच्या दुकानात बीएसपीचं निपल पन्नास रुपयांत मिळालं. ज्याने साडेतीन हजार घेतले त्याला हे पन्नास जड का व्हावेत?

पहिल्यांदा वापरण्याआधी टँक रॉकेलने खळखळून घेतला आणि ते रॉकेल पांढऱ्या फडक्यातून गाळलं. वेल्डिंगची बारीक कीस निघाली. ही धुलाई कुणीही टाळू नये.

टँक महाग पडला हे मत पहिल्या वापरात फारसं बदललं नाही. 20 डब्ल्यू 40 तेल घट्ट, नळी बारीक, हातपंप मारून खांदे भरून आले. तेलाचा डबा गरम पाण्यात ठेवल्यावर काम सरकलं. काटा 30 पीएसआयच्या आसपास ठेवून क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवत राहिलो, कारण क्रँकमधली भोकं समोर आली तरच बिगेंडपर्यंत (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या मेटलपर्यंत) तेल पोचतं. टॅपेट कव्हर उघडंच ठेवलं होतं. आधी बुडबुडे आले, मग पहिल्या सिलिंडरच्या रॉकरवर तेलाचा थेंब फुगला, मग पुढच्या, शेवटी तिन्हींवर तेल ओघळू लागलं. एक मात्र ध्यानात ठेवा: तेलाच्या वाटेत स्विच फिल्टरच्या पुढे आहे, त्यामुळे तेल उलटं पंपापर्यंत जात नाही. पंप जुळणीच्या वेळीच असेंब्ली ल्यूबने भरून घ्यावा लागतो. पुढे सेल्फ मारला तेव्हा लाइट लगेच गेला. पाचशे किलोमीटरवर तेल बदललं, फिल्टर कापून पाहिला, मेटलची चमक कुठेच नाही.

तरीही मी तेव्हा म्हणत होतो की घरच्या एका गाडीसाठी हे महागच पडलं, फवारणीच्या हातपंपावर भागलं असतं. ते मत शेजाऱ्यांच्या ओम्नीने बदललं. तिच्यात तेलाचा दाब कमी, मेकॅनिकचं म्हणणं फुल इंजिन काढा. आम्ही चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं पात्र) उतरवून खाली ट्रे ठेवला आणि याच टँकने दाब दिला. बाकीच्या मेटलमधून थेंब थेंब गळत होतं, मधल्या बिगेंडमधून मात्र सरळ धार. रॉड कॅप उघडली तर मेटलचा पांढरा थर जाऊन तांबडं दिसत होतं. जर्नल (क्रँकचा मेटल बसतं तो गोल भाग) मापात निघालं, एका जोडीच्या मेटलवर काम भागलं. असं निदान साध्या फवारणी पंपाने नीट होत नाही, त्याला दाब स्थिर ठेवणारा टँक आणि वाचता येणारा काटाच लागतो.

म्हणून घ्यायचा असेल तर घ्या, पण पैसे देण्याआधी अ‍ॅडॉप्टर बीएसपी की एनपीटी हे लेखी विचारा. पाच पैकी तीन तारे. विक्रेत्याने डब्यात बरोबर निपल टाकलं तर साडेचार द्यायला मी तयार आहे, आणि हे मी त्याला कळवलंही आहे.